सुदामची लाइव्ह कॅसेट

हे माझ्या सख्ख्या भावाचं आहे. भावाच्या नावानं कोण खोटं बोलेल? म्हणून आधीच सांगतो, यातलं एक अक्षर बनवलेलं नाय.

साल एक्क्याण्णव. एप्रिल महिना, भीमजयंतीचा सीझन. वांगणीच्या आत, डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिथं त्या रात्री आमच्या गायन पार्टीचा प्रोग्राम होता.

पार्टी आमची उल्हासनगर कॅम्प पाचची. मी धोंडिबा, ढोलकीवर. शिवराम बेंजोवर. आणि गायक माझा धाकटा भाऊ, सुदाम. एरवी सगळे अंबरनाथला कंपनीत. पण एप्रिल लागला की सुट्ट्या टाकायच्या, टेम्पोत सामान भरायचं आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव गात फिरायचं. आताची पोरं त्याला टूर म्हणतात. आम्ही दौरा म्हणायचो.

सुदामचं एक गाणं होतं. त्यानंच बांधलेलं, आमच्या आयवर. आय खाणीवर खडी फोडायची. गाण्यात तेवढंच. एक बाई उन्हात बसलीय आणि हातोडी चाललीय. पण ते सुरू झालं की बाया पदर डोळ्याला लावायच्या. आणि संपलं की...

"वन्स मोर!"

आमच्या लायनीत नेम आहे. वन्स मोर आला की गायकानं नाय म्हणायचं नाय. पब्लिक दिवसभर राबून, चालत येते, मातीत बसते. तिला नाय कसं म्हणणार? सुदाम तर अंगात ताप असला तरी गायचा.

त्या रात्री वाडीत वन्स मोर एकदा आला. म्हणजे गाणं दोनदा झालं. ढोलकी मी वाजवत होतो. दोनदाच झालं.

शिवरामनं मिक्सरमधून वायर घेऊन सगळा प्रोग्राम त्याच्या टू-इन-वनवर टेप केला.

सकाळी वांगणी स्टेशनच्या बाहेर चहा घेताना शिवरामनं विषय काढला.

"सुद्या, ही लाइव्ह कॅसेट काढू आपण. टेकूशेठ कधीचा मागतोय. स्टुडिओत तू मुडद्यासारखा गातोस. इथं बघ कसा पेटतोस."

टेकूशेठ म्हणजे टेकचंद. कॅम्प पाचातला सिंधी, कॅसेटी भरून विकायचा.

"नको रे," सुदाम बोलला. "लाइव्हमध्ये मी खाकरतो, माइकवाल्याला शिव्या घालतो, तुझा बेंजो बेसूर वाजतो..."

"माझा? माझा बेंजो बेसूर?"

"मग काय धोंडूदादाची ढोलकी?"

मी म्हटलं, "अरे पण गाणं लोकांच्या घरात राहील."

"दादा, घरोघरी कॅसेट वाजली तर जयंतीला आपल्याला बोलावणार कोण? तुझी आत्या?"

सगळे हसलो. मग तो ग्लासातला चहा हलवत बोलला, "स्टुडिओत गायचं आणि घरी जायचं. इथं पब्लिक सोडेल तेव्हाच जायचं. ते कॅसेटीत नको भरू."

विषय मिटला.

जुलैत सुदामला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग हॉस्पिटल. अंबरनाथहून सुटून मी रोज तिकडं जायचो. एक दिवस गेलो तर खाट रिकामी होती.

मला रडू आलं नाय. अजून आलेलं नाय. मयत उरकून घरी आलो, आंघोळ केली, जेवलो, दुसऱ्या दिवशी पाळीला कामावर गेलो. लोक म्हणाले, दगड आहे. असेल.

त्याची बायको मीनल पोटुशी होती. सप्टेंबरात मुलगी झाली. नाव ठेवलं करुणा.

पोरगी लय रडायची. दुपार झाली की सुरू. दूध नको, पाळणा नको. पाचवा महिना लागला तरी तेच. मीनलनं शिवरामकडून ती वाडीची कॅसेट मागून घेतली. लावली.

पोरगी गप्प झाली.

बापाला कधी बघितलं नाय, पण त्याच्या आवाजाकडं मान वळवून बघायची. आमची आय, भिमाबाई, दारात बसून ऐकायची.

मग एक दिवस मीनल मला म्हणाली, "भाऊजी, ही कॅसेट काढा."

"तो नको म्हणाला होता, मीनल."

"ते तर 'घरी येतो' पण म्हणाले होते."

तिनं पोरीला खांद्यावर घेतलं.

"फोटोत आवाज नसतो भाऊजी. ही एकच कॅसेट आहे. उद्या मशीनमध्ये गुंतून तुटली तर हिला बाप कुठून दाखवू? घरोघरी गेली तर कुठं ना कुठं राहील."

खरंच होतं. ते गाणं आम्ही स्टुडिओत कधी भरलंच नव्हतं. जे होतं ते त्या रात्रीचं होतं. शिवराम तर उड्याच मारायला लागला.

टेकूशेठकडं न्यायच्या आधी म्हटलं, आपण एकट्यानं एकदा नीट ऐकू. रविवारची दुपार. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. ऊन चांगलं कडक.

गाणं लागलं. सुदामचा आवाज. माझी ढोलकी. शिवरामचा बेंजो, बेसूरच.

संपलं. टाळ्या. वन्स मोर. परत गाणं. परत टाळ्या.

याच्या पुढं शिवरामची एकट्याची बेंजोची धून होती. मला पक्की आठवत होती.

पण टाळ्या थांबल्याच नाय. आणि मग...

"वन्स मोर!"

सुदामनं परत सुरू केलं.

मी टेपकडं बघत राहिलो. हे झालंच नव्हतं. तिसऱ्यांदा आम्ही वाजवलंच नव्हतं.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

या खेपेला... ढोलकी नव्हती.

बेंजो पण नव्हता. नुसता त्याचा आवाज. आणि समोर पब्लिक.

मी टेप बंद केला. पाणी प्यायलो. मनात म्हटलं, शिवराम्यानं काय तरी घोळ घातला असेल, एकावर एक टेप केलं असेल. कॅसेट मागं घेतली आणि परत पहिल्यापासून लावली.

आता तिसऱ्यानंतर पण वन्स मोर आला.

तो गायला. आवाज बसत चालला होता. ओळीच्या मध्ये थांबत होता. एकदा खोकला. मग हळूच, माइकपासून तोंड लांब घेऊन बोलतात ना, तसा बोलला...

"पाणी द्या रे कोणीतरी."

कोणी दिलं नाय. कळतं ना ते? भांड्याचा आवाज नाय, पावलांचा आवाज नाय. नुसत्या टाळ्या.

आणि परत, वन्स मोर.

शिवरामची धून कॅसेटवर कुठंच नव्हती. अख्खी बाजू संपेपर्यंत सुदाम एकटाच गात होता. शेवटी बटण टक्कन वर आलं, तेव्हा तो ओळीच्या मध्येच होता.

शिवरामला सांगितलं. तो म्हणाला, "धोंडू, तू रडला नायस ना, ते डोक्यात गेलंय तुझ्या."

असेल, म्हटलं. आणि दोघं टेकूशेठकडं गेलो.

शेठची खोली म्हणजे भिंतभर डेक. एका मशीनला आपली कॅसेट लावायची, बाकीच्या डेकमध्ये कोऱ्या. सगळ्या एकदम भरतात. भरून झाल्या की शेठ सगळे डेक एकदम चालू करून बघायचा, कुठली रिकामी गेली काय ते. सगळ्यांतून एकच आवाज आला पायजे. इतका सोपा हिशोब.

कॉपी भरून झाल्या. शेठनं पान तोंडात टाकलं. "चल साईं, सुनते हैं तेरे भाई को." आणि बटणं दाबली.

एकच आवाज आला नाय.

एका डेकमध्ये तो गाण्याच्या सुरुवातीला होता. दुसऱ्यात मध्ये. तिसऱ्यात खोकत होता. एकात आवाज पार फाटलेला, एकात नुसता श्वास. सगळीकडं सुदाम. सगळीकडं वेगळा. आणि प्रत्येक डेकमध्ये वेगळी पब्लिक. आधी इथून, मग तिथून, मग मागून...

"वन्स मोर!"

"वन्स मोर!"

आणि प्रत्येक वेळेला, त्या त्या डेकमध्ये, तो परत सुरू करायचा. कुठंच नाय म्हणाला नाय.

शेठनं पान थुंकलं.

"धोंडू. ये आदमी ज़िंदा है क्या?"

"नाय शेठ. जुलैमध्ये गेला."

"तो फिर हाँफ कौन रहा है?"

धापा तर अजून सगळ्या डेकमधून ऐकू येत होत्या. शिवराम भिंतीला टेकून खाली बसला होता. शेठनं मेन स्विच खाली ओढला. डेक बंद झाले. खोलीत अंधार झाला.

एक आवाज मात्र थोडा उशिरा बंद झाला. अगदी थोडा. तेवढ्यात मी ऐकलं...

"बास करा आता."

शेठनं एकेक कॉपी उघडून आतली पट्टी हातानं ओढून काढली. ढीग झाला पायाशी. आमची कॅसेट रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ले जा साईं. मेरे पास धंधा बहुत है." माझ्या डोळ्याकडं बघितलं पण नाय.

रस्त्यात शिवराम एकच वाक्य बोलला. "हजार घरात गेली असती तर?"

हजार घरं. प्रत्येक घरात पब्लिक. आणि हा एकटा.

मीनलला सगळं सांगितलं. पोरगी तिच्या मांडीवर होती. मला वाटलं, किंचाळेल, नायतर मला वेड्यात काढेल.

ती शांत म्हणाली, "मला माहितीय भाऊजी."

"काय माहितीय?"

"ते दमतात ते. बायको आहे मी त्यांची, मला नाय कळणार? पहिल्या दिवशी दोनदा गायले. मग वाढत गेलं. ही हसली, हात आपटले, की परत गातात."

"मग लावतेस कशाला रोज?"

ती पोरीचं टोपडं नीट करत राहिली. लय वेळ.

"तेवढा वेळ घरात असतात."

मी म्हटलं, कॅसेट मला दे. जाळून टाकतो. सुटेल तो.

"आणि हिला काय सांगू? तुझ्या बापाचा आवाज काकानं जाळला?"

आय दारात बसली होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान फिरवली.

मी रुमालातली कॅसेट मीनलच्या हातात ठेवली. ती म्हणाली, लावणार नाय. आणि लावली पण नाय, इतकं मला माहितीय. भिंत एकच होती आमची, कळलं असतं. कॅसेट काय निघाली नाय. पुढच्या एप्रिलला पार्टी बसली नाय. शिवरामनं बेंजो विकून टाकला.

पोरगी रडता रडता मोठी झाली.

नंतर मीनलला बदलापूरला काम लागलं. हेंद्रेपाड्यात खोली घेतली. मायलेकी तिकडं गेल्या. आय त्याच्या आधीच वारली.

आता नव्व्याण्णव चालू आहे. मागच्या महिन्यात मी हेंद्रेपाड्याला गेलो होतो. मीनल कामावर. करुणा एकटी. सकाळची शाळा असते तिची, दुपारी घरी येते. आठ वर्षांची झालीय. सुदामचं नाक आहे तिला.

मला पाणी दिलं. मग समोर बसून म्हणाली, "काका, मम्मीला नाय सांगणार ना?"

"काय गं?"

"मला बाबांची कॅसेट सापडली. साड्यांच्या खाली होती."

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला.

"ऐकलीस?"

"रोज ऐकते. शाळेतून आले की."

"मग... गातात बाबा?"

"नाय." तिनं मान हलवली. "कोणी वन्स मोर ओरडतच नाय ना. मी पण नाय ओरडत. टाळ्या पण नाय वाजवत. नुसती बसते."

"मग काय ऐकू येतं?"

"बाबा पण बसलेत. श्वास घेतात. लय वेळ काय बोलतच नाय." मग ती जरा पुढं सरकली. "आणि मग विचारतात..."

"काय विचारतात?"

"पब्लिक गेली का?"

बाहेर कुठंतरी मिक्सर चालू होता. चटणी वाटत असावं कोणीतरी.

"रोज विचारतात काका. मी अजून काय बोलले नाय. हो म्हटलं तर ते जातील ना?"

मी खाली ठेवलेला ग्लास उचलून पाणी प्यायलो.

"काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, थांब, विचार करून सांगतो. असं म्हणून उठलो, चप्पल घातली आणि निघून आलो.

त्याला सोडायचं तर पोरीच्या तोंडून सोडायचं. आणि तिच्याकडं बाप म्हणून आहे तेवढंच आहे. एक माणूस, बसलेला, दमलेला, वाट बघणारा. मला यातलं काहीच ठरवता येत नाय. आतून काय वाटतं ते पण कळत नाय.

महिना झाला. मी हेंद्रेपाड्याला परत गेलेलो नाय.

आत्ता दुपार झालीय. तिची शाळा सुटली असेल.