जपान लागतं, आई लागत नाही

जपानमधला माणूस खणखणीत ऐकू येतो आणि डोंगरापलीकडची आई ऐकू येत नाही. सांगा बघू, असं का?

केतकीला सांगता येईना. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. समोर टेबलावर चकचकीत ट्रान्सीव्हर (बोलणं पाठवणारं आणि आलेलं ऐकवणारं एकच यंत्र) होता. त्यातून ओसाकाचे कोणी एक आजोबा नानांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. नानाही रंगात येऊन गुडघ्यांची सगळी कहाणी सांगत होते.

आणि आई? चिपळूणच्या या घरापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, भैरवमाळच्या पावसाळी दवाखान्यात. ती तिथली डॉक्टर. ही दोन हजार सत्तेचाळीस सालची गोष्ट. त्या साली चंद्रावर गेलेल्या माणसाला फोन लागत होता, भैरवमाळला लागत नव्हता. वस्ती लहान, फायदा नाही, म्हणून कंपनीने तिथली जोडणी काढून घेतली होती. माणसं थोडी असली की ती आजारी पडत नाहीत, असं बहुधा त्या शहाण्यांना वाटत असावं.

म्हणून आईने हॅम रेडिओचा (परवाना काढून हौसेने चालवायच्या रेडिओचा) परवाना काढला होता. जाताना ती म्हणाली होती, "रोज सकाळी मी आधी चौदावर कान लावीन, मग सातवर."

नाना, म्हणजे आईचे वडील, निवृत्त शास्त्रज्ञ. तरुणपणी पक्के हॅम. पंचवीस वर्षांनी ते या छंदाकडे परत आले होते. हॅम लोकांची एक रीत असते. बोलणं झालं की एकमेकांना कार्ड पाठवायचं. कार्ड जितकं लांबून आलेलं, तितकी कॉलर ताठ. नानांच्या खोलीची एक भिंत अशा कार्डांनी भरलेली होती. चिली होतं, फिनलंड होतं. घाटापलीकडचं सातारा नव्हतं.

दारात चाकांचा आवाज झाला. हॅम क्लबचा यंत्रमानव आला होता. त्याचं नाव क्लबवाल्यांनी ठमा ठेवलं होतं, आणि ती सगळं स्वयंपाकघरात शिरलेल्या पाहुणीसारखं न्याहाळायची.

"नमस्कार नाना. वापरून बघायचे चार दिवस संपले," ठमा म्हणाली. "क्लबचा नियम. आज एक यंत्र पक्कं करायचं, बाकीची मी नेणार. मग पावसाळा संपेपर्यंत बदल नाही. घाटही आज संध्याकाळी बंद होतोय."

यंत्र चुकलं, तर आईचा आवाज थेट दिवाळीच्या तोंडाशी.

ठमाने आपल्या ट्रेवरची दोन यंत्रं टेबलावर मांडली. आता तीन झाली. पहिलं हातात मावणारं. दुसरं नानांचं लाडकं, चकचकीत. तिसरं क्लबच्या पोरांनी जुळवलेलं, पत्र्याच्या डब्यातलं, एका कोपऱ्यात चेपलेलं.

"हे दुसरं," ठमा सुरू झाली, "चौदा मेगाहर्ट्झपासून वरचे सगळे पट्टे, रंगीत पडदा, दोनशे आठवणी, आवाजाची आपोआप सफाई..."

"ठमे, थांब!" केतकी ओरडली. "मला काहीच कळत नाहीये. चौदा म्हणजे काय? मेगाहर्ट्झ म्हणजे काय?"

"वारंवारता," नाना म्हणाले. "म्हणजे लहर एका सेकंदात किती वेळा वर-खाली होते, तो आकडा. चौदा मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कोटी चाळीस लाख वेळा."

"बरं. मग हे पहिलं का नाही चालत?"

"त्याची लहर साधारण सरळ जाते. डोंगराला धडकते."

"आणि दुसरं जपानला पोचतं, ते डोंगर नाही का लागत मध्ये?"

"लागतो ना. पण ती लहर आकाशाला आपटून खाली येते. वर आयनांबर असतं (उन्हामुळे विजेचा भार आलेला हवेचा उंचावरचा थर)."

"मग आकाशाला आपटून आईकडे का येत नाही?"

नाना खिडकीतून अंगणाकडे बघत म्हणाले, "तारेचा खांब अजून उंच करतो. लहर सोडणारी तार जितकी उंच तितकी चांगली. आमच्या वेळी..."

"चार दिवस खांबच उंच करताय तुम्ही! काल तर जपान आणखी स्पष्ट आलं!"

केतकीला रडू येत होतं आणि रागही. तिने कोपऱ्यातला रबरी चेंडू उचलला आणि जोरात भिरकावला. खोलीच्या मधोमध नानांचं पुस्तकांचं कपाट आडवं उभं होतं. चेंडू कपाटावर आपटून परत आला.

"पहिलं यंत्र," ठमा निर्विकारपणे म्हणाली.

केतकीने तिच्याकडे पाहिलं. मग चेंडू पुन्हा उचलला आणि तिरका छताकडे मारला. तो छताला आपटला, कपाटावरून गेला आणि पार पलीकडच्या दाराशी पडला.

"दुसरं यंत्र," केतकी हळूच म्हणाली. "दाराशी जपान. कपाटाच्या मागे लगेच कोणी बसलं असेल, तर त्याच्या डोक्यावरून गेलं." ती कपाटाला खेटून उभी राहिली आणि चेंडू जवळजवळ सरळ वर मारला. छताला लागून तो कपाटाच्या मागे अलगद उतरला. "नाना! आपण सरळ वर मारायला हवं!"

"चौदाने नाही जमणार," ठमा म्हणाली. "तळ्यात चपटा दगड कधी मारलायस? तिरका मारला की भाकऱ्या उठतात. सरळ वरून टाकला की बुडतो. चौदाची लहर सरळ वर मारली तर बहुतेकदा आयनांबर भेदून आरपार जाते. सातची लहर सावकाश वर-खाली होते. दिवसा ती सरळ वर गेली तरी सहसा परत फिरते."

"आणि सात कशात आहे?"

ठमाने चेपलेल्या डब्याकडे बोट केलं.

"त्याने जपान लागायचं नाही," नाना पटकन बोलून गेले.

"नाना, तुम्हाला जपान हवंय की आई?"

नानांनी भिंतीवरच्या कार्डांकडे पाहिलं. मग नातीकडे. "क्लबात तीन तास घालवले मी," ते म्हणाले. "किती लांब जाईल, एवढंच विचारलं. बोलायचंय कुणाशी, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. गाढव आहे मी. चल, तार खाली उतरव."

"खाली?"

"अगदी खाली. तार जमिनीजवळ असली की जमीन लहरीला वर ढकलते. चांगली लांब तार लागेल, आणि उंची... ते बघ, कपडे वाळत घालायची दोरी!"

दोरीवरचे टॉवेल निघाले आणि तिथे तार चढली. नानांनी डब्याला बॅटरी जोडली, बटण फिरवलं आणि आपलं हाकचिन्ह (परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं नाव) सांगून हाक दिली. खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. ठमानेही चाकं हलवणं थांबवलं.

मग खरखरीतून एक आवाज वर आला. दमलेला, पण ओळखीचा.

"नाना? अहो, रोज सातवर बसतेय मी, कुठे होतात? आज मी उठणारच होते. केतकीने नखं कापली का?"

केतकीने आपली नखं पाहिली आणि हात पाठीमागे लपवले. जसं काही आईला दिसणारच होतं. नाना हसत होते आणि चष्मा पुसत होते. दोन्ही एकदम त्यांना जमत नव्हतं.

"कापते म्हणावं!" केतकी म्हणाली. "आत्ता कापते!"

नानांनी निरोप दिला आणि बटण सोडलं. तेवढ्यात तिसराच आवाज आला, दबकत दबकत. "ऐका हो... आम्ही खालच्या खोऱ्यातून, वरसगावातून बोलतोय. शाळेत सेट आहे, पण सकाळी सातवर कुणी असतं, हे ठाऊकच नव्हतं. डॉक्टरबाई, तुम्ही आहात ना तिकडे?"

"हे कोण?" केतकी गोंधळली.

"सरळ वर उडालेलं पाणी एकाच जागी पडतं का?" नाना म्हणाले. "चहूकडे पडतं. जे जे जवळ, ते ते सगळे त्याच्याखाली."

केतकी टेबलाकडे वळली. ठमा चकचकीत यंत्र ट्रेवर ठेवत होती, आणि नानांनी त्या यंत्राकडे मान वळवूनही पाहिलं नाही. ते भिंतीवरची कार्डं एकेक काढत होते.

"फेकताय?"

"छे! जरा सरकवतोय," नाना म्हणाले. "वरसगावच्या कार्डाला जागा नको?"