ईशान्येचा डबा

ती गाडी तिच्या आयुष्यात पाठमोरी आली.

म्हणजे अगदी खरोखर पाठमोरी. सकाळची वेळ, बारीक भुरभुर चाललेली, रस्ता ओला, आणि गॅरेजसमोरच्या चढावरून एक जुनी पिवळी कॅम्पर व्हॅन – पलंग, ओटा, पडदे, असा सगळा संसार पोटात घेऊन – मागे मागे येत होती. ड्रायव्हरच्या खिडकीतून एक चष्मेवाला कमरेपर्यंत बाहेर आला होता आणि वाटेतल्या प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागत होता.

"सॉरी काका… सॉरी हं… ताई, जरा बाजूला – ब्रेक आहेत हो, पण त्यांचा मूड नाहीये!"

ताईने मूड बघितला नाही. तिने दारातले तीन जुने टायर लाथेने रस्त्यात ढकलले. गाडी त्यांच्यावर धप्पकन बसली, एकदा खोकली आणि गप्प झाली. चष्मा तेवढा पुढे जाऊन चिखलात पडला.

"इंजिन बंद पडलं की मागे येते का?" तिने चष्मा उचलून देत विचारलं.

"नाही हो. चालू असलं तरी येते."

तिला सगळे 'पाना' म्हणायचे. चार वर्षांची असताना ती बाहुलीऐवजी बारा नंबरचा पाना कुशीत घेऊन झोपायची, तेव्हापासून. आता गॅरेज तीच चालवायची. बाबा दारातल्या एका मोडक्या गाडीच्या सीटवर बसून चहा प्यायचे आणि टोमणे मारायचे. त्यांना बारीक आवाज ऐकू येत नसत, नको ते मात्र बरोबर ऐकू यायचं.

पानाने मागचं झाकण उघडलं. या गाड्यांचं इंजिन मागे असतं. आत बघून ती थोडा वेळ काही बोललीच नाही. डॉक्टर असे गप्प झाले की नातेवाईक खुर्ची शोधतात. चष्मेवाला टायरवर बसला.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला ही गाडी घाटमाथ्यावर न्यायची होती. एकदाही न ढकलता.

"ढकलायला कोण असतं बरोबर?"

मास्तरांचे कान लाल झाले. "एक… मैत्रीण. मागच्या वेळी तिने ढकललं. नवीन सँडल होत्या. ती म्हणाली, ही गाडी आपली आपण वर चढेल त्या दिवशी मी तुझ्याबरोबर येईन. आणि वर पोचलो की मी… म्हणजे… विचारणार आहे."

"काय?"

"तेच."

"अच्छा, तेच," पाना म्हणाली आणि तिने कागदावर लिहून घेतलं: इंजिन पूर्ण उघडणे, मोठे सिलिंडर, नवे पिस्टन, ऑइल कूलर. थोडं थांबून तिने आणखी एक ओळ लिहिली: एक कार्बोरेटर काढून दोन बसवणे.

बाबांनी ती ओळ वाचली आणि चहाचा कप खाली ठेवला.

तेव्हा तिच्या मनात काहीही नव्हतं. माणसाला ओळखून जेमतेम अकरा मिनिटं झाली होती. जळायला सुरुवात झाली ती चौथ्या दिवशी. आणि त्याला कारण झाले डबे.

मास्तर रोज पाचला, शाळा सुटली की हजर. हाताला खडू, खिशात होकायंत्र. इंजिन चाकांच्या स्टँडवर चढवलं होतं, आणि त्याचे सुटे भाग ठेवायला त्यांनी घरून चार रिकामे डबे आणले. मिस्त्री लोक सिलिंडरला एक, दोन, तीन, चार म्हणतात. मास्तरांनी आधी होकायंत्र धरलं, मग डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ते इंजिनाच्या चार कोपऱ्यांशी मांडले – ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य.

"हे काय?"

"ज्या कोपऱ्यातला भाग त्याच कोपऱ्यात परत. आकडे विसरतो माणूस. दिशा नाही विसरत."

"इंजिन आहे हे. नकाशा नाही."

"पाना, वायव्येचा स्क्रू तुमच्या केसात अडकलाय."

त्यांनी तो दोन बोटांनी हलकेच काढला आणि वायव्येच्या डब्यात टाकला. टिंग. बस्, एवढंच झालं. त्या टिंगनंतर पानाला रात्रभर… जाऊ दे. झोप छान लागली असं ती बाबांना म्हणाली.

आणि त्याच संध्याकाळी, सहाच्या ठोक्याला, खिडकीतल्या रेडिओवर एक आवाज आला. लोण्यासारखा. "नमस्कार… दिवस कसा गेला तुमचा?"

मास्तरांचा हात पान्यावरच थांबला. "हीच ती," ते म्हणाले.

त्या क्षणापासून रोज सहाला गॅरेजातलं ग्राइंडर चालू व्हायला लागलं. घासायला काही नसलं तर पाना जुना सळईचा तुकडा घासायची. रेडिओचं स्टेशन आपोआप बदलायचं. "हवामानामुळे," पाना सांगायची. गाडीतल्या नव्या पडद्यांना – जे रेडिओबाईंनी पसंत केले होते – तिने तीनदा ऑइलचे हात पुसले. चुकून. गाडीच्या कपाटात दोन कप होते, एकावर चंद्र, एकावर चांदणी. चांदणीवाला कप एका दुपारी टेबलावरून पडला. टेबलावर त्या वेळी कुणीही नव्हतं, पाना सोडून.

"भूकंप झाला वाटतं," बाबा म्हणाले.

"बाबा, चहा प्या."

सगळ्यात वाईट म्हणजे मास्तर इंजिनाजवळ उभे राहिले की तोंड बरोबर रेडिओकडे. मग एका दुपारी पानाने स्टँडच्या चाकांचे खटके सोडले आणि अख्खं इंजिन अर्धी गिरकी देऊन ठेवलं; डबे जिथल्या तिथे राहिले. आता काम करणाऱ्याचं तोंड भिंतीकडे, पाठ रेडिओकडे.

"का गं फिरवलंस?" बाबांनी विचारलं.

"इकडून उजेड चांगला येतो."

"भिंतीतून?"

पाच वाजता मास्तर आले. इंजिनाकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं, खिशातल्या होकायंत्राला नुसता हात लावला आणि मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "छान उजेड आहे," म्हणाले.

जोडणी सुरू झाली. पानाला आता त्या डब्यांची इतकी सवय झाली होती की एक, दोन, तीन, चार ती विसरूनच गेली होती. ईशान्येच्या कोपऱ्यात ईशान्येचा डबा. मास्तर डबा धरायचे, ती उचलायची, बोटाला बोट लागायचं, दोघंही "सॉरी" म्हणायचे. सुरुवात टॅपेटपासून झाली. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या छोट्या लोखंडी दांड्या. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून त्या त्या जागेच्याच होऊन जातात. दुसरीकडे बसवल्या की कुरकुरतात.

त्या कुरकुरल्या नाहीत. इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आतून असा खडखडाट आला, की कुणीतरी टाइपरायटरवर रागारागाने राजीनामा लिहितंय.

पानाने इंजिन बंद केलं. डब्यांकडे बघितलं. स्टँडकडे बघितलं. ईशान्येचं सगळं नैऋत्येला गेलं होतं, वायव्येचं आग्नेयेला. इंजिन फिरलं तरी उत्तर फिरत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पुन्हा उघडावं लागेल," ती कशीबशी म्हणाली. "आठ दिवस. माझी चूक."

"काही घाई नाही," मास्तर म्हणाले. फार पटकन म्हणाले.

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, "दहा वर्षांत तू एक नट चुकीचा लावला नाहीस. चुकलीस, की चुकवलंस?"

"चुकले, बाबा. शप्पथ."

पण मग हातात पहिला नट घेताना तिला वाटलं, आठ दिवस… आणि ते वाटणं इतकं गोड होतं की तिला स्वतःचीच भीती वाटली. दुसऱ्या बाईसाठी इंजिन बांधायचं ते बांधायचं, पण वाईट बांधायचं नाही. घाट चढू दे गाडी. चढू दे, आणि वर जाऊन विचारू दे मेल्याला काय विचारायचं ते. तिने एकेक टॅपेट आपल्या जागी परत नेला आणि या वेळी चिठ्ठीवर आकडे लिहिले.

आठव्या दिवशी इंजिन गाडीत बसलं आणि मांजरासारखं गुरगुरलं. राहिलं फक्त दोन कार्बोरेटर – हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी भांडी – एकमेकांशी जुळवणं.

दोन कार्बोरेटर असले की दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. नाहीतर एक ओढतो, दुसरा फरफटतो, आणि गाडी चढावर मान टाकते. ते जुळवायची बाबांची एक पद्धत होती. दोन माणसं, दोन रबरी नळ्या. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. आत हवा सूं करून ओढली जाते, तिचा जो सूर ऐकू येईल तो तोंडाने म्हणायचा. डावीकडच्याने डावा, उजवीकडच्याने उजवा. तिसऱ्याने स्क्रू फिरवत राहायचं, दोन्ही सूर एक होईपर्यंत. बाबा आणि आई याच नळ्यांनी भेटले होते. आई गेल्यापासून या गॅरेजात दोन कार्बोरेटरची गाडी बाबांनी घेतलीच नव्हती. आणि पानाने स्वतःच्या हाताने लिहिली होती ती ओळ, पहिल्याच दिवशी.

"मला स्क्रू फिरवायचाय," ती म्हणाली. "एक कान मास्तरांचा. दुसरा लागेल."

"हिला बोलावू का?" मास्तर खिडकीतल्या रेडिओकडे बघत म्हणाले. "तिचा सूर पक्का आहे."

पानाने ग्राइंडरकडे एकदा बघितलं. "बोलवा की," ती म्हणाली. "गाडी तिच्यासाठीच तर आहे."

रविवारी सकाळी रेडिओबाई आल्या. पानाने देवाला एवढंच मागितलं होतं की निदान नाक तरी वाकडं असू दे. नाक सरळ होतं. शिवाय बाई चांगल्या होत्या. बाबांना वाकून "काका, बरे आहात ना?" म्हणाल्या, पडद्यांवरचे डाग बघून "अगं, कामात होतंच असं" म्हणाल्या. वाईट असत्या तर किती बरं झालं असतं.

इंजिन सुरू झालं. रेडिओबाईंनी डावी नळी कानाला लावली आणि क्षणात सूर धरला. स्वच्छ, स्थिर. मास्तरांनी उजवी नळी लावली आणि… असा काही आवाज काढला की दारातलं कुत्रं उठून गेलं.

पानाने स्क्रू पाव फिरवला. मास्तर आणखी खाली घसरले. अर्धा फिरवला. मास्तर वर उडाले. दोघांचा सूर जुळवायचा स्क्रू तिच्याच हातात होता. जुळला की गाडी तयार, घाट तयार, 'तेच' तयार. तिने ओठ चावले आणि प्रामाणिकपणे फिरवत राहिली. अर्धा तास. मास्तर एकदाही सुरात आले नाहीत.

शेवटी रेडिओबाईंनी नळी काढली आणि मास्तरांकडे नीट बघितलं.

"शाळेच्या समूहगानाला सूर कोण देतं रे?"

"…मी."

"गेली पाच वर्षं?"

"…सहा."

"आणि आज तुला सूर लागत नाही." त्या हसायला लागल्या. मग त्यांनी पानाकडे बघितलं, तिच्या चावलेल्या ओठाकडे बघितलं आणि आणखीच हसल्या. "मी चालले. ही गाडी घाट चढेल रे, पण मी नसले तरच. आणि पुढच्या वेळी कुणाला नवीन सँडल घालून ढकलायला लावू नकोस."

जाताना त्यांनी आपली नळी पानाच्या हातात दिली. त्या हाताला ऑइल होतं. बाईंनी आपली बोटं पुसायला पडदाच वापरला.

गॅरेजात फक्त इंजिनाची गुरगुर राहिली.

"मुद्दाम बेसूर गायलास?" पाना म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिला कळलं नाही.

"सूर लागला असता तर गाडी तयार झाली असती ना."

"म्हणजे… काय?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणखी घाण केला. "आणि टॅपेट… तू इंजिन फिरवलंस तेव्हा मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"डबे उलट्या कोपऱ्यांपाशी आलेत ते. पाना, मी भूगोल शिकवतो. उत्तर कुठे आहे ते मला कळणार नाही का? मी रोज ईशान्येचा डबा तुझ्यापुढे धरत होतो आणि मनात म्हणत होतो, आता पकडेल… आता पकडेल… तुला आठ दिवस अपराधी वाटलं. त्याचं फार वाईट वाटतं. पण ते आठ दिवस मला हवे होते."

"माझं नाव खराब केलंस मेल्या! दहा वर्षांत एक नट—"

"हो. सॉरी."

"माझ्याच बाबांसमोर!"

"सॉरी. खूप."

ती खूप काही बोलणार होती. हातात पाना होता, फेकायचीही सोय होती. पण रेडिओबाईंची नळी दुसऱ्या हातात होती, आणि ती तिने कानाला लावली.

"उजवी धर," ती म्हणाली. "आणि आता बेसूर गायलास तर बघ."

बाबा सीटवरून उठले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि दुसऱ्या हाताचा तळवा इंजिनाच्या पत्र्यावर ठेवला. कान नव्हते, पण तो हात ऐकायचा. तिने डावा सूर धरला. त्याने उजवा. थोडं वर… थोडं खाली… पाव फेरा… आणि मग कुठला आवाज कुणाचा ते कळेनासं झालं. त्याची नजर तिच्यावर होती, तिची कुठे ठेवावी ते तिला सुचत नव्हतं.

"जुळलं," बाबा म्हणाले आणि डोळे पुसत चहा आणायला गेले. घरात चहा संपलेला होता, हे त्यांनाही माहीत होतं.

चाचणीसाठी मास्तर एकटेच चढावर गेले. गाडी न खोकता, न थांबता, ओल्या रस्त्यावरून सरसर वर गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. पाना दारात उभी राहिली. एक मिनिट. दोन. गेला, तिला वाटलं. घाट मिळाला, आता कशाला येतोय… रेडिओकडेच गेला असेल. तिने तीन टायर पुन्हा नीट रचले. उगाच.

मग वळणावरून पिवळी पाठ दिसली. गाडी मागे मागे येत होती. इंजिन चालू होतं, मस्त गुरगुरत होतं, आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला चष्मेवाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची माफी मागत होता.

टायरांना बोटभर जागा ठेवून गाडी थांबली.

"रिव्हर्स कशाला?" ती ओरडली. "घाटावर का नाही गेलास?"

"वळणापर्यंत गेलो. मग बाजूच्या सीटकडे बघितलं…" तो म्हणाला. "येतेस?"

ती हात पुसत शेजारच्या सीटवर चढून बसली. "यावंच लागेल. नवीन इंजिन असलं की पहिले हजार किलोमीटर मिस्त्री बरोबर लागते. ऐकायला."

"असा नियम आहे?"

"आजपासून."

गाडी चढाला लागली. थोडं वर गेल्यावर त्याने समोर बघतच विचारलं, "आणि हजार झाल्यावर?"

"झाल्यावर ऑइल बदलायचं," पाना म्हणाली. "मिस्त्री नाही."