पाण्यातली टोपली

गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या विश्वनाथ कोतपल्लीवारांच्या चांद्याच्या घरी आलेली बाई दारातच थांबली. कपाळ कोरे होते, हातात बांगड्या नव्हत्या. तिने पाणी घेतले नाही, खुर्चीही घेतली नाही.

"मी आशाबाई भांडेकर, चामोर्शीची. माह्या मालकाले इष देलं म्हनते पोलीस."

कोतपल्लीवारांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. बातमी त्यांनी वाचली होती. एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एकशिक्षकी शाळेचे गुणवंत भांडेकर गुरुजी एका माडिया बाईच्या घरी जेवले आणि पहाटेच्या आत वारले. बाई कोठडीत होती.

"खुनी शोधायचा आहे?" त्यांनी विचारले.

"खुनी तं पोलिसायनं धरला. मले तिले सोडवाचं हाय."

कोपऱ्यात पेन्सिल तासत बसलेल्या बापूजी कावळ्यांचा हात थांबला. बापूजी चांद्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. एप्रिलच्या परीक्षा संपल्या की ते कोतपल्लीवारांबरोबर कुठेही निघत. "बाई, तुमच्याच मालकाला मारलं म्हणतात तिनं!"

"मंगलीनं? पोटच्या पोरीले ज्या मास्तरच्या हवाली केलं, त्याले?" आशाबाई पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. मग आवाज खाली आला. "पहिल्या साली ते तिच्या घरी जेवाले गेले, अन् अर्धं पान टाकून उठले. सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत एकबी पोरगं नाई आलं. तवापासून त्यायनं कोनाच्या घरचं पान टाकलं नाई. पोरायलेबी हेच शिकवलं, पानात शीत ठेवाचं नाई. गावाचा भरोसा त्याच्यानंच बसला, म्हनत. तिले फाशी झाली तं ती शाळा संपली, भाऊ. मंग ते दुसऱ्यांदा मेले."

कोतपल्लीवार उठले. "बापू, सामान बांधा."

आलापल्लीपर्यंत मोटार मिळाली, पुढे बैलगाडी. आशाबाईंना गुरुजींचे सामान आणायचे होते, म्हणून त्याही आल्या.

एटापल्लीच्या ठाण्यात जमादार खुशीत होते. "सरळ मामला आहे साहेब. कडू कंद. तीन पानांचा वेल असतो, जमिनीखाली हा एवढा गड्डा. कच्चा खाल्ला तर माणूस उरत नाही. इथल्या बायका त्याच्या चकत्या करून टोपलीत भरतात, वाहत्या ओढ्यात ठेवतात. कित्येक दिवस पाणी लागलं की विष जातं. हिनं कच्चा घातला. गुरुजींनी खाल्ला. हिनं स्वतः तोंडालाही लावला नाही! ठाऊक होतं, म्हणूनच ना?"

"कारण?"

"हिची पोरगी सुकरी शाळेत जाते. हिचा भाऊ लच्छू तिचं लग्न लावायला निघाला होता. गुरुजी आडवे आले. भरबाजारात भांडण झालं."

मंगली भिंतीला टेकून बसली होती. पस्तिशीची, काटक. कोतपल्लीवार तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाई, कंद किती दिवस पाण्यात होता?"

"होता तेवढा पुरा होता," ती म्हणाली. "मी रोज सकारी जातो. टोपली काढतो, दाबतो, हालवतो, परत ठेवतो. त्या दिवशीबी सकारी चाखला. कडू नव्हता. सांजेले, अंधार पडता पडता आणला."

"सगळा शिजवला?"

"वरचा शिजवला. खालचा टोपलीतच हाय घरी."

"तू का नाही खाल्लास?"

तिने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू हा प्रश्न कुणी शहाणा माणूस विचारणार नाही. "पाहुना पयले. मंग घरचे."

"गुरुजी काही म्हणाले?"

मंगलीने डोळे मिटले. "म्हनले, आज खवखवते मंगली. मी म्हनलो, ठेवा मंग. ते हासले. समदा खाल्ला. मंग घाम आला. हात थरथर कराले लागले."

बाहेर आल्यावर बापूजी म्हणाले, "पाहा, स्वतःच कबूल करते की खवखवत होतं. मला तर जमादाराचंच बरोबर वाटतं."

"सकाळी कडू नसलेला कंद संध्याकाळी कडू कसा होतो, बापू?"

"खोटं बोलत असेल."

"मग तिनं आपल्याला टोपली का सांगितली?"

गाव दुपारच्या उन्हात गप्प होते. मंगलीच्या झोपडीत बांबूची टोपली तशीच होती, तळाशी वाळलेल्या चकत्या. कोतपल्लीवारांनी त्या ओसरीवर पसरल्या. बहुतेक ओबडधोबड होत्या, एका कडेला जाड, दुसरीकडे कागदासारख्या, काहींना साल चिकटलेली. विळ्यावरची घाई. मधे काही मात्र वेगळ्या निघाल्या. सोललेल्या, गोल, सगळ्या एका जाडीच्या.

"सुबक आहेत," बापूजींनी त्यातली एक मोडून पाहिली. "परकार लावून कापल्यासारख्या."

थोड्या वेळात ते बोटे खाजवू लागले. शेजारच्या म्हातारीने हसत त्यांच्या हातावर चिंच चोळली.

लच्छू स्वतःहून आला आणि कुडाला टेकून उभा राहिला. "चांद्याहून आले का? माह्याच नावानं?"

"गुरुजींशी भांडलास तू."

"भांडलो. आजबी भांडीन. पोरीले लिवता येते, मंग तिले नवरा कोन देईल, मास्तर देईल का?" त्याने शाळेकडे पाहिले. "मेल्यावर लाकडं मीच तोडली त्याच्यासाठी."

"त्या दिवशी या टोपलीला कुणी हात लावला असेल? तू?"

लच्छू खरोखर चिडला. "ओढ्यातल्या टोपलीले दुसऱ्याचा हात लागत नाई. तिथी राखन नसते साहेब. लागतच नाई. चोरबी नाई लावत. आमच्यातला तं कोनीच नाई."

"आमच्यातला," कोतपल्लीवार स्वतःशीच म्हणाले.

गावाबाहेर जंगलखात्याचा विश्रामबंगला होता. तिथे नागपूरच्या कॉलेजातले श्रीधर केळापुरे उतरले होते. औषधी कंदांवर त्यांचा डॉक्टरेटचा अभ्यास चालला होता. वय तिशीच्या आत, दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल.

"गुरुजी नसते तर मला इथे कुणी वेल दाखवला नसता," ते म्हणाले. "त्यांनीच लोकांना सांगितलं, हा आपला माणूस आहे. मला एकच अट घातली होती. लोकांच्या खाण्यातलं काही नमुना म्हणून घ्यायचं नाही. जंगलातून खोदा, म्हणाले."

"ते गेले तेव्हा तुम्ही?"

"दुपारीच एटापल्लीला गेलो होतो, पार्सलं टाकायला. परत आलो तो..."

अंगणात दोन सुपे उन्हात ठेवली होती. एकात गोल, नेटक्या चकत्या, दुसऱ्यात वेड्यावाकड्या. कोपऱ्यात कातड्याच्या म्यानात वस्तरा.

"हे कच्चे, याला हात लावू नका," केळापुरे म्हणाले. "हे दुसरे धुतलेले. दोन्हींतलं विष मोजून तुलना करायची आहे."

"धुतले कुठे? ओढ्यात?"

"छे. मी ओढ्याकडे फिरकलोच नाही. इथेच, बादलीत. रोज पाणी बदलून."

बापूजी बोलता बोलता दुसऱ्या सुपातल्या चकत्या चाळवत होते, एक तर त्यांनी कुस्करलीही. मग त्यांना आठवले. ते दचकून हात धुवायला मागे धावले.

"ते बादली नोका घेऊ भाऊ!" चौकीदार कोलू ओरडला. "होळीपासून बूड फुटलं हाय तिचं. अन् पानी जपून वापरा. हिर आटली. माहे खांदे सोलले कावड वाहून वाहून. सायब बिचारे तांब्याभर पान्यात तोंड धुते."

बापूजी ओले हात झटकत परतले. कोतपल्लीवार त्यांच्या बोटांकडे बराच वेळ पाहत होते.

"खाजतंय?"

"नाही हो. नशीब."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पडवीत माणसे जमली. फळ्यावर अजून गुरुजींच्या अक्षरातली बेरीज होती, ती कुणी पुसली नव्हती. जमादारांनी मंगलीला आणले होते. सुकरी आईला धरून बसली. आशाबाई खांबाशी उभ्या राहिल्या. केळापुरे भिंतीशी होते, लच्छू बाहेर, उन्हातच.

कोतपल्लीवारांनी सतरंजीवर दोन ढीग केले.

"जमादारसाहेब, या सगळ्या चकत्या मंगलीच्या टोपलीतल्या. हा ढीग विळ्यावर कापलेला. हा दुसरा वस्तऱ्याने. सोललेला, एका जाडीचा. मंगलीच्या घरात वस्तरा आहे?"

"नाही," जमादार म्हणाले.

"या गोल चकत्या बापूंनी मोडल्या तेव्हा त्यांचे हात खाजले. म्हणजे त्यांना पाणी लागलेलं नव्हतं. मंगलीनं सकाळी चाखला तो तिचा कंद होता. संध्याकाळी आणला त्यात कुणीतरी कच्चा मिसळलेला होता, बहुतेक वरच्यावर. वरचा आधी शिजला आणि पाहुण्याच्या पानात गेला."

"लच्छू!" जमादार वळले.

"लच्छूजवळही वस्तरा नाही. आणि ओढ्यातल्या टोपलीला इथला माणूस हात लावत नाही, हे त्यानंच मला सांगितलं. गुन्हेगार असता तर ही वाट स्वतःवर बंद करून घेतली नसती. तो म्हणाला असता, कुणीही लावला असेल." कोतपल्लीवारांनी आवाज चढवला नाही. "केळापुरे, तुमच्या सुपातल्या वेड्यावाकड्या चकत्या तुम्ही कापलेल्या नाहीत. तुम्ही वस्तऱ्याने कापता. बापूंनी त्या हातांनी कुस्करल्या, हात खाजले नाहीत, म्हणजे त्या पुरत्या धुतलेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, बादलीत. त्या बंगल्यातल्या बादलीला होळीपासून बूड नाही. विहीर आटलेली. जो माणूस तांब्याभर पाण्यात तोंड धुतो, तो रोज पाणी बदलून कंद धुणार कसा?"

केळापुऱ्यांनी काही नाकारले नाही. ते खाली बसले.

"मला धुतलेला नमुना हवा होता," ते म्हणाले. "गुरुजींनी मनाई केली होती, म्हणून मागायची लाज वाटली. त्या सकाळी मंगलीनं टोपली काढली आणि परत पाण्यात ठेवली, ते मी पाहिलं. परत ठेवली म्हणजे तयार नाही, असं समजलो. अजून दोनचार दिवस आहेत. मी ओंजळभर घेतल्या. तिला कमी पडू नये म्हणून तेवढ्याच माझ्या घातल्या. तोच कंद, तेवढाच. मला वाटलं, मी परत केलं."

"वजन परत केलंत," कोतपल्लीवार म्हणाले. "पाणी परत केलं नाहीत. त्या टोपलीतला कंद फुकटचा, जंगलातला. मंगलीचा खर्च झाला होता तो पाण्यात, इतक्या दिवसांच्या धुण्यात."

ते केळापुऱ्यांच्या समोर येऊन बसले.

"ही चूक होती. तिचं काय करायचं ते कोर्ट ठरवील. पण एटापल्लीहून परत आलात तेव्हा तुम्हाला सगळं कळलं. कळलं म्हणूनच ओढ्याकडे फिरकलो नाही म्हणालात. ही बाई कोठडीत बसली आणि तुम्ही सुपं उन्हात ठेवत राहिलात. ती चूक नव्हती."

केळापुऱ्यांनी तोंड झाकून घेतले. "अभ्यास पुरा झाला की सांगणार होतो," ते पुटपुटले.

मंगली इतका वेळ एकेक शब्द लावून घेत होती. ती हळूच म्हणाली, "मांगले असते तं देले असते."

मग ती कोतपल्लीवारांकडे वळली. "पन साहेब, मास्तरले खवखवत होता. मी म्हनलो ठेवा. मंग काऊन खाल्ला?"

याचे उत्तर कोतपल्लीवारांना ठाऊक होते. चांद्याच्या घरात दारात उभे राहून ते कुणी सांगितले होते, हेही आठवत होते. त्यांनी आशाबाईंकडे पाहिले. आशाबाईंनी मान खाली घातली.

"तुह्या घरचं पान होतं म्हून," त्या म्हणाल्या.

दुपारी मंगलीला सोडून जमादार केळापुऱ्यांना घेऊन गेले. गाडी जुंपेपर्यंत वेळ होता. गुरुजींचे सामान एका ट्रंकेत मावले. बापूजींनी फळा पुसायला हात उचलला, मग तसाच खाली घेतला.

मंगलीच्या ओसरीवर कोंबड्या फिरत होत्या. आशाबाई येऊन बसल्या.

"भूक लागली, मंगली."

मंगली उभीच राहिली. मग आत गेली. चूल पेटल्याचा वास आला. बऱ्याच वेळाने तिने मोहाच्या पानांची पत्रावळ आणली, भात आणि पातळ वरण. ती पत्रावळ खाली ठेवेना. एकाएकी तिने त्यातला घास उचलला आणि स्वतःच्या तोंडाकडे नेला, सर्वांना दिसेल असा.

आशाबाईंनी तिचे मनगट धरले.

"पाहुना पयले," त्या म्हणाल्या.

घास त्यांनी मंगलीच्या बोटांतून घेतला. मग खाली मान घालून त्या जेवत राहिल्या. डोळ्यांतले पाणी पुसायलाही हात थांबला नाही. पत्रावळीत एक शीत उरले नाही.