सात नंबरच्या फाटकाचा फोन

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या चुलतभावाबरोबर घडलंय, आणि अल्पेशदादा थापा मारणारा माणूस नाही.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. उरणजवळचं सांजखार स्टेशन. आणि वेळ... भर दुपारची.

दादा तिथला स्टेशन मास्तर. आमच्या आजोबांच्या काळात तिथून फक्त मिठाचे डबे भरून जायचे. मग कंटेनर आले. आता कुठे माणसांची गाडी थांबायला लागली आहे. मिठागरं कधीच बुजली, पण स्टेशनच्या भिंतींना अजून खार फुटतो.

स्टेशनपलीकडे पूर्वी सात नंबरचं फाटक होतं. फाटकवाले हिरामणकाका. गाडी यायच्या आधी ते फाटक लावायचे आणि मास्तरला फोनवर एक गुप्त नंबर द्यायचे. तो नंबर मिळाल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही, हा नियम. काका वारले. फाटक काढून रुळाखालून बोगदा केला. फोन तेवढा मास्तरच्या खोलीत भिंतीवर राहिला, तार कापलेला.

त्या दिवशी उधाण होतं. बोगद्यात कमरेएवढं पाणी. अशा वेळी गाववाले सरळ जुन्या फाटकावरून रूळ ओलांडतात. विनितावहिनी पितरांच्या जेवणाचा डबा घेऊन येणार होती. दादाने तिला बजावलं होतं, रिक्षाने वळसा घालूनच ये.

बारा वाजता मालगाडी सिग्नलबाहेर येऊन उभी राहिली. दादाचा हात सिग्नलच्या बटणाकडे गेला.

आणि...

भिंतीवरचा फोन वाजला.

दादाने तो उचलला. आधी नुसती घरघर... मग ओळखीचा आवाज.

"हिरामण बोलतंय. फाटक लागत न्हाय. तुजी बायको रुळात हाय."

दादा फोन टाकून दाराकडे वळला.

तेवढ्यात दार उघडलं. समोर विनिता. पिवळी साडी, हातात डबा. दादाचा जीव भांड्यात पडला.

पण ती बसली नाही. सिग्नलच्या बटणांच्या पॅनलकडे बघत म्हणाली, "गाडी सोडा ना."

अकरा वर्षांच्या संसारात तिने गाड्यांबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"सोडा..." ती पुन्हा म्हणाली. अगदी हळू.

खरी कोण, हे दादाला कळेना. पण गाडी उशिरा गेली तर फार तर बोलणी बसणार होती. त्याने सिग्नल लालच ठेवला, तिच्यावर लक्ष ठेवायला हाताखालच्या पॉइंट्समन जीवनला दारात उभं केलं आणि धावत सुटला.

जुन्या फाटकाच्या जागी विनिता होती.

पिवळी साडी. पाय रुळाच्या फटीत अडकलेला. रिक्षा मिळालीच नव्हती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. दादाने पाय ओढून काढला, तिला बाजूला घेतलं...

आणि सिग्नल हिरवा झाला.

गाडी त्यांच्यापासून दोन हातांवरून धडधडत गेली. दादा म्हणतो, इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

परत आले, तर जीवन दारातच. विनिताला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी तर आत हायेत. मी हितून हललो न्हाय."

त्या खोलीला एकच दार आहे. आत कुणीही नव्हतं.

चौकशी झाली. बटण कोणी दाबलं, ते दादाला सांगता आलं नाही. आजही त्याची ड्यूटी तिथेच आहे. विनिता आता स्टेशनात पाऊल ठेवत नाही.

तरी कधी कधी बाराच्या सुमाराला खोलीचं दार वाजतं. दादा आधी घरी फोन लावतो. विनिता घरून बोलत असते...

आणि दार वाजतच राहतं.