मुका पट्टा

संध्याकाळचे सहा वाजले की कराडच्या एसटी कर्मचारी सोसायटीच्या कट्ट्यावर सात म्हातारी माणसं पाय लांब करून बसत आणि आपापल्या गुडघ्याला पट्टा बांधत. पट्ट्यावर लाल ठिपका पेटे. मग वीस मिनिटं कोणी उठत नसे. वरच्या गॅलरीतून पाहणाऱ्याला वाटावं, सात गाड्या सिग्नलला थांबल्यात आणि एकीलाही कुठं जायची घाई नाही.

हा उजेडपट्टा. त्यातून अतिशय मंद लेझर किरण निघत. ते दिसत नसत, गरमही लागत नसत. आपल्या पेशींत तंतुकणिका नावाची बारीक वीजघरं असतात, ती म्हणे या उजेडानं जागी होऊन कामाला लागतात आणि सूज उतरते. शिवाय आतून परतलेला उजेड टिपून, पेशी खरंच कामाला लागल्या की नाही, याची नोंद पट्टा स्वतःजवळ ठेवी. डॉ. तस्लीम मुजावर या तरुण संशोधिकेनं हे सगळं कट्ट्यावर बसूनच समजावून दिलं होतं. एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली. चाळीसजणांच्या या अभ्यासात वीस पट्टे मुके आहेत. त्यांत लाल ठिपका आहे, नोंदीपुरता उजेड आहे, औषधी किरण मात्र नाहीत. मुका कोणाकडे, हे बारा आठवडे तिलाही कळणार नव्हतं. ऐकून प्रत्येकानं समजूतदारपणे मान हलवली आणि शेजाऱ्याच्या पट्ट्याकडे दयेनं पाहिलं.

दिगंबर खांबेटे यांनी तर सगळ्यांकडेच दयेनं पाहिलं. एकतीस वर्षं ते कराड स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारत होते. त्यांच्या भरदार आवाजात ‘गाडी थोड्याच वेळात फलाटावर येत आहे’ हे ऐकून माणसं दीड-दीड तास समाधानानं उभी राहिलेली होती. असला आवाज असलेल्या माणसाला मुका पट्टा कोण देईल?

दर शनिवारी डॉक्टर तीन जिने चढून येई आणि विचारी, काका, शून्य ते दहा, किती दुखतंय? पहिल्या शनिवारी खांबेट्यांनी आठ सांगितले. ते खरे होते. दुसऱ्या शनिवारीही आठच होते. पण पोरगी उन्हातून आली होती, खांबेट्यांच्या बायकोचा, शालनताईंचा, पांचट चहा तिनं तोंड वाकडं न करता संपवला होता, आणि आता पेन उचलून दहावीच्या निकालाची वाट पाहावी तशी बसली होती. तिला पुन्हा आठ द्यायला खांबेट्यांची जीभ वळेना.

“सात लिहा,” ते म्हणाले.

यजमानीणबाईंच्या अळणी आमटीला छान म्हणणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. खांबेट्यांनीही स्वतःला म्हटलं नाही. पुढं कट्ट्यावर नलावडे कंडक्टरनं आपण पाचवर आल्याचं जाहीर केलं, तेव्हा खांबेटे त्याच आठवड्यात चारवर उतरले. एवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण त्यांनी आपला आवाज घेऊन अभ्यासातल्या उरलेल्या दोन सोसायट्याही पालथ्या घातल्या आणि समवयस्कांना समजावलं, पोर बिचारी मर मर मरतेय, एखादा आकडा कमी सांगितला तर आपलं काय जातंय?

जात होतं ते घरी. “दोनवर आलात ना? मग दळण आज तुम्हीच वर आणा,” असं शालनताई अगदी साध्या सुरात म्हणत. खांबेटे पिठाचा डबा घेऊन प्रत्येक मजल्यावर थांबत आणि वीस वर्षं ओळखीच्या दारांवरच्या पाट्या पहिल्यांदाच पाहिल्यासारख्या वाचत.

कट्ट्यावर गिरिजाबाई बोंगाळे तेवढ्या या शर्यतीत नव्हत्या. त्या सोसायटीतली बालवाडी चालवत. गुडघे गेल्यापासून खुर्चीवर बसून शिकवत, आणि त्यांचंच म्हणणं, पोरं आता माझ्या तोंडाशी बोलत नाहीत, गुडघ्यांशी बोलतात. जमिनीवर बसता आलं नाही तर जूनपासून नवी बाई पाहू, असं सोसायटीनं त्यांना गोड शब्दांत कळवलं होतं. त्यांचे आकडे आठ, आठ, सात, पुन्हा आठ असे रेंगाळत आले. मग सहा, पाच, तीन. दहाव्या आठवड्यात त्या बालवाडीत मांडी घालून बसल्या. दोन पोरं घाबरून रडली. बाईंचा चेहरा इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिला नव्हता.

तेराव्या शनिवारी डॉक्टर आली ती एक रिकामी पिशवी घेऊन. कट्ट्यावरच तिनं निकाल सांगितला. खऱ्या पट्टेवाल्यांचं दुखणं सरासरी साडेचारनं उतरलं होतं. मुक्या पट्टेवाल्यांचंही साडेचारनंच. फरक शून्य. म्हणजे उजेडाचा उपयोग सिद्ध झाला नाही, अभ्यास बंद, पट्टे आजच परत. मग तिनं यादी वाचली. नलावडे मुका, खांबेटे मुका. कट्टा खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं खांबेटे हसले. गिरिजाबाई बोंगाळे, खरा.

गिरिजाबाईंनी पट्टा सोडला, पदरानं पुसला, नीट गुंडाळला.

“म्हणजे माझंही नुसतं मनाचंच होतं का गं, डॉक्टर?” त्या म्हणाल्या. “बरं झालं सांगितलंस. मी उगाच पोरांच्यात जाऊन बसले.”

खांबेट्यांचं हसू ओठांवर तसंच राहून गेलं. ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. स्टँडवर थोड्याच वेळात येणारी गाडी आली नाही, तर निदान काचेमागं बसायची सोय होती. इथं काच नव्हती. समोर एक बाई आपल्या बऱ्या झालेल्या गुडघ्याकडे, त्यानं आपल्याला फसवल्यासारखी पाहत होती.

“गिरिजाबाई, तुमचं मनाचं नव्हतं,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की नलावड्यांनी कान पुढं केला. “आमचंच तोंडाचं होतं. माझा गुडघा पहिल्या दिवसापासून आठावर आहे. आणि बाकीच्यांना खोटं सांगायला मीच शिकवलं.”

नलावडे आपल्या चपलेचा अंगठा तपासू लागले. वर गॅलरीत शालनताई वाळलेले कपडे काढत होत्या, त्यांचे हात थांबले.

डॉक्टर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं खांबेट्यांना वाटलं. ती म्हणाली, पट्ट्यांच्या नोंदी तिनं कालच उघडल्या होत्या. मुक्या वीसजणांच्या पेशी बारा आठवडे जागच्या हलल्या नव्हत्या, आणि गिरिजाबाईंच्या कामाला लागल्या होत्या. पण निकाल कशावर ठरवायचा, हे अभ्यासाच्या आधीच कागदावर ठरलेलं होतं.

“यंत्राला गुडघा दुखत नाही, काका. म्हणून आम्ही तुमचा शब्द मोठा धरला.”

एकतीस वर्षांत त्यांच्या शब्दाला एवढा मान कोणी दिला नव्हता. खांबेट्यांना कट्टा दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. ते म्हणाले, मी लिहून देतो. बाकीच्यांच्या दारी जाऊन त्यांचंही घेतो, लंगडत जातो. फक्त गिरिजाबाईंचा पट्टा नेऊ नका.

“द्या लिहून. समितीपुढं ठेवीन. नव्यानं अभ्यास होईलही, तोवर पट्टाही राहील कदाचित.” तिनं पेन काढलं. “पण समिती एकच विचारेल, तेव्हाचा शब्द खोटा कशावरून आणि आजचा खरा कशावरून? आणि काका, तुम्ही दोन म्हणायचात, तेव्हा निदान तेवढा वेळ तरी खरंच कमी दुखत नव्हतं का? आठवून सांगा.”

खांबेटे आठवू लागले. पिठाचा डबा, तीन जिने, पाट्या. कळ होती, नक्की होती. पण शनिवारी, आकडा सांगून झाल्यावर, पोरीचा चेहरा उजळला की त्या क्षणाला? तिथं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. इतक्या वर्षांत गाडी कुठवर आलीय हे न विचारताच पुकारायची सवय.

“ते राहू दे,” डॉक्टर म्हणाली. “आत्ता, या घडीला, किती?”

तिनं पेन टेकवलं. गिरिजाबाई पट्टा मांडीवर धरून त्यांच्याकडे पाहत होत्या. खांबेट्यांनी ओठांवर आलेला आकडा मागं घेतला. मग दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, जन्मात पहिल्यांदाच, आधी त्यालाच विचारलं: काय रे, किती?