पेन्सिल थांबलेली असताना

"लघुलेखन थांबवा."

समितीच्या अध्यक्षांनी एवढं म्हटलं की माझी पेन्सिल कागदावरून दोन बोटं वर उचलली जाते आणि तिथेच थांबते. मग सगळे पक्ष अध्यक्षांच्या टेबलाभोवती गोळा होऊन माझ्या डोक्यावर भांडतात. कुणी कुणाला मूर्ख म्हणतो, कुणी सौदा ठरवतो. त्यातलं काहीही नोंदीत येत नाही. पेन्सिल थांबलेली असताना बोललेलं या देशात बोललेलंच नसतं.

इसोबे मला भेटला तो अशाच एका थांबण्यात. नोव्हेंबर होता. तोक्योत बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि आत वाहतूक समिती टॅक्सीच्या परवान्यांवर भांडत होती. वरिष्ठ सभागृहाच्या लघुलेखकांचं टेबल अध्यक्षांच्या बरोबर पुढ्यात असतं. त्या टेबलाखाली कुणीतरी रांगत आलं.

"माफ करा," खालून आवाज आला. "तुमच्या बुटाखाली मंत्रीमहोदयांचं उत्तर आहे."

"मग योग्य जागी आहे की," मी मान न हलवता म्हटलं.

खालून दाबून ठेवलेलं हसू ऐकू आलं. मी पाय उचलला. तिशीतला, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेला माणूस कागद घेऊन उठला, वाकून नमस्कार केला आणि मंत्र्यांच्या खुर्चीमागे जाऊन बसला. त्या रांगेत खात्याचे कारकून-अधिकारी बसतात. आदल्या दिवशी सभासदांकडून प्रश्न गोळा करायचे, उत्तरं मोठ्या अक्षरांत छापायची आणि मंत्री अडखळला की मागून कागद सरकवायचा. बोलतो मंत्री, पण शब्द यांचे असतात. आणि ते शब्द कागदावर उतरवणारी मी, कुरामोची चिझुरू. आमची लघुलेखनाची शाळा सरकारने बंद केली, तिच्या शेवटच्या तुकडीतली. आमच्यानंतर यंत्रं येणार आहेत. यंत्रांना कंटाळा येत नाही म्हणतात. आम्हाला यायचा. "योग्य तो विचार करण्यात येईल" हे वाक्य मी अकरा वर्षांत इतक्यांदा लिहिलं होतं की त्याच्यासाठी एकच रेघ पुरायची. अर्थ तेवढाच आहे त्याचा, एक रेघ.

त्या अधिवेशनात पेन्सिली पुष्कळदा थांबल्या. नियमाने आम्ही कुणाशी बोलायचं नसतं. पण थांबलेल्या पेन्सिलीचा नियम कोण लिहून ठेवतो?

"कुरामोचीबाई, आज माझ्या मंत्र्यांनी किती वेळा ‘योग्य’ म्हटलं?"

"सव्वीस."

"मी चोवीसच लिहिले होते. दोन त्यांनी पदरचे घातले."

माझ्यासोबत आळीपाळीने बसणाऱ्या ओगाताबाई दोन वर्षांत निवृत्त होणार होत्या. त्यांनी एकदा बाहेर मला गाठलं. "काय गं, त्या चिकटपट्टीवाल्याचा आवाज ऐकला की तुझे कान लाल होतात. अध्यक्षांना दिसतं तिथून."

"खोलीत गरम होतं."

"हो ना. माझ्या वेळीही गरमच व्हायचं," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायला गेल्या.

डिसेंबरात असंच एक थांबणं लांबलं. इसोबेने कागद गोळा करायच्या मिषाने जवळ येऊन विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

"हिनोसावा."

त्याचा हात थबकला. हिनोसावा खोऱ्यातली रेल्वे बंद करून त्या जागी बस चालवायची, ही फाईल त्याच्याच टेबलावर होती. मला ते ठाऊक होतं. उत्तरं कोण लिहितं ते मला त्याच्या स्वल्पविरामांवरून कळायचं.

"तुमच्या भाषेत ‘कमी वापराचा टप्पा’," मी म्हटलं. "त्या कमी वापरात माझी आई आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला खालच्या शहरात जाते. बस खिंडीतून जाणार ना? जानेवारीत कधी गेलात त्या खिंडीत?"

"अहवालात लिहिलंय की—"

"अहवालाला थंडी वाजत नाही, इसोबेसाहेब."

"लघुलेखन सुरू करा," अध्यक्ष म्हणाले, आणि मी त्याच्याकडे न बघता लिहू लागले. राग आला की माझं अक्षर सुंदर येतं. त्या दिवशी फार सुंदर आलं.

जानेवारीच्या शेवटी तो दिसला तेव्हा त्याचे ओठ फुटले होते, नाकाचा शेंडा सोललेला. पेन्सिल थांबल्यावर त्याने कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू माझ्यासमोर उलटी केली. जांभळ्या शाईचा शिक्का होता, स्टेशनावर प्रवाशांना आठवण म्हणून उमटवायला ठेवतात तसला. अस्वल, चेस्टनटचं फळ, आणि भोवती गोल अक्षरांत आमच्या स्टेशनचं नाव. लहानपणी मी हाच शिक्का कपाळावर उमटवून घरी गेले होते आणि मार खाल्ला होता.

"रजा काढून गेलो," तो हळूच म्हणाला. "तुमची आई गाडीत समोरच बसली होती."

"तुम्ही कशी ओळखलीत?"

"सगळ्या डब्याला सांगत होत्या, ‘माझी मुलगी संसदेत असते, पण तिला तोंड उघडायची परवानगी नाही. घरी कसर भरून काढते.’"

मला हसू आलं, आणि हसू आवरताना डोळेच भरले. त्याने ते पाहिलं. काही बोलणार होता...

"लघुलेखन सुरू करा."

मग मार्च उजाडला, आणि समितीत हिनोसावाचा दिवस आला.

सकाळी चर्चा टोलच्या दरांवर झाली, दुपारी मालट्रकच्या चालकांवर. तीन सभासद झोपले होते, एकाचं तर घोरणं ऐकू येत होतं. घोरणं आम्ही लिहीत नाही, हे देशावर आमचे उपकार. सव्वातीनला विरोधी बाकावरच्या सेगावाबाई उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, तरुणपणी बसमध्ये कंडक्टर. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"मंत्रीमहोदय, गोल गोल फिरवू नका. मी बसमध्ये घंटा वाजवून म्हातारी झालेय. हिनोसावाची गाडी बंद केलीत तर तुमची बस हिवाळ्यात जाणार का? हो की नाही?"

मंत्री खात्यात नवे होते, तीन आठवड्यांचे. मागून इसोबेने कागद दिला. अशा कागदाचे दोन भाग असतात. वरचा वाचायचा, आणि खालचा पुन्हा खोदून विचारलं तरच. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. नव्या मंत्र्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"पर्यायी बससेवा," ते एकसुरात वाचू लागले, "प्रवाशांच्या सोयीचा योग्य तो विचार करून वर्षभर चालवण्यात येईल. पुन्हा विचारल्यासच सांगावे. जानेवारी व फेब्रुवारीत खिंड बर्फाने बंद राहत असल्याने साधारण साठ दिवस बस धावू शकणार नाही. या काळात रुग्णांसाठी कोणतीही सोय ठरलेली नाही."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि समाधानाने बसले.

माझ्या पेन्सिलीखाली प्रत्येक अक्षर होतं. ‘पुन्हा विचारल्यासच सांगावे’ हेसुद्धा.

आणि छत कोसळावं तसा आरडाओरडा. झोपलेले सभासददेखील दचकून उठले आणि कशाला ते न विचारता ओरडू लागले.

"लघुलेखन थांबवा! थांबवा!"

सगळे अध्यक्षांकडे धावले. इसोबेचे वरिष्ठ काजिवारा त्याला दंडाला धरून माझ्या टेबलापाशी घेऊन आले. मी म्हणजे त्यांच्या लेखी टेबलाचाच एक पाय.

"ऐक. जुना मसुदा होता. खालचा मजकूर चुकून राहिला, वस्तुस्थिती तशी नाही. एवढंच म्हणायचं. मग अध्यक्ष नोंद तपासून ती वाक्यं काढून टाकतील. समजलं?"

"पण साहेब, वस्तुस्थिती तशीच आहे."

"वस्तुस्थिती तू ठरवणार? घरी आईवडील आहेत ना? त्यांना विचार, मुलगा कुठल्या बेटावर बदलून गेलेला चालेल."

काजिवारा गर्दीत शिरले. इसोबे उभाच राहिला. चेहरा कागदासारखा.

"कुरामोचीबाई," तो कुजबुजला. "मला तुम्हाला एक सांगायचंय. खूप दिवसांपासून..."

चार महिने मी या वाक्याची वाट पाहिली होती. आणि ते आलं तेव्हा मला त्याचा संतापच आला.

"आत्ता नको."

"पण पेन्सिल—"

"थांबलीय. तेच म्हणतेय मी. थांबलेल्या पेन्सिलीसमोर या खोलीतला प्रत्येक पुरुष शूर असतो. माझ्या आईबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते माझ्या कानात सांगून काय होणार? मला काय सांगायचं असेल ते नंतर सांगा. आधी एकदा तरी नोंद होईल असं बोला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चष्म्याची चिकटपट्टी सुटत आली होती. ती त्याने बोटाने दाबली, आणि जागेवर गेला.

"लघुलेखन सुरू करा."

"ज्याने लिहिलंय त्यालाच उभं करा," सेगावाबाई म्हणाल्या. "मंत्र्यांना बिचाऱ्यांना काय विचारायचं? ते फक्त वाचतात."

एवढ्या खालच्या अधिकाऱ्याला समितीपुढे बोलू देत नाहीत. पण काजिवारांनी अध्यक्षांकडे बघून मान हलवली. पोरगा पढवलेलं बोलेल आणि विषय मिटेल, असा त्यांचा हिशोब. अध्यक्षांनी नाव पुकारलं.

त्याच वेळी माझी दहा मिनिटांची पाळी संपली. ओगाताबाई बदलीसाठी मागे येऊन उभ्या राहिल्या. मी उठायला हवं होतं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग उभ्या राहिलेल्या इसोबेकडे.

"माझं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे," त्या पुटपुटल्या. आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उशीर केला.

"उत्तर मी लिहिलं," इसोबे म्हणाला. "तो जुना मसुदा नाही. खालचा मजकूर खरा आहे. वरचा... वरचा आम्ही तुम्हाला ऐकवायला लिहितो. चौदा जानेवारीला मी स्वतः खिंडीच्या थांब्यावर चाचणीच्या बसची वाट पाहत दोन तास चाळीस मिनिटं उभा होतो. बस आली नाही. परत आणलं ते रेल्वेनेच. डब्यात सात माणसं होती. त्यातल्या एक बाई आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जातात. दोन खेपा चुकल्या तर त्या जगणार नाहीत. त्या माझ्या—"

तो थांबला. खोलीत फक्त माझ्या पेन्सिलीचा आवाज होता. मग तोही थांबला, कारण लिहायला काही नव्हतं.

"त्या माझ्या ओळखीच्या आहेत," तो म्हणाला आणि बसला.

मी मान वर केली नाही. अक्षर कसं आलंय तेही पाहिलं नाही. कागदावर एक थेंब पडला होता. त्याच्यावरूनच लिहीत गेले.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगते, उगाच कुणाला आशा नको. गाडी वाचली नाही. निर्णय दोन वर्षं पुढे गेला, मग शांतपणे रूळ उखडले. त्याला दक्षिणेच्या एका बेटावर बंदराच्या कचेरीत पाठवलं, तिथे दिवसाला एक बोट येते. पण दोन हिवाळे मिळाले. त्या दोन हिवाळ्यांत आईची एकही खेप चुकली नाही, आणि गाडी बंद व्हायच्या आत आम्ही तिला इस्पितळाशेजारी खोली घेऊन दिली. नोंदीतली ती वाक्यं आजही जागेवर आहेत. संसदेत याहून जास्त क्वचितच मिळतं.

तर, त्या दिवशी नोंद साफ उतरवताना एक काम राहिलं होतं. आकडा, नाव, अर्धवट शब्द याबद्दल शंका असली की लघुलेखक खात्याला चिठ्ठी पाठवून खात्री करून घेतो. मी चिठ्ठी लिहिली:

‘"त्या माझ्या" यानंतर चार सेकंद विराम. पुढे कोणता शब्द अभिप्रेत होता? नोंदीसाठी खात्री करावी.’

संध्याकाळच्या आत उत्तर आलं. खाली सहीऐवजी त्याच्या नावाचा लाल शिक्का, सरळ आणि नीट.

‘शब्द उच्चारलेला नाही. नोंदीत घेऊ नये. तो उच्चारण्यास एका व्यक्तीची परवानगी आवश्यक असून ती मिळाल्यास रविवारी दहा वाजून बारा मिनिटांच्या हिनोसावा गाडीत समक्ष उच्चारण्यात येईल.’

ओगाताबाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "यात ‘योग्य’ एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "पोरगा सुधारतोय."

मी चिठ्ठीवर मंजुरीचा माझा शिक्का मारला आणि परत पाठवली.

रविवारी खोऱ्यात बर्फ वितळत होतं. डब्यात आई खिडकीशी बसली होती, मांडीवर मुळ्याच्या लोणच्याची बरणी. ती मला घ्यायला खालच्या स्टेशनपर्यंत आली होती, आणि आता आम्ही तिघं वर चाललो होतो. तो तिच्यासमोर दांडा धरून उभा. चष्म्याला नवी काडी होती.

"तुम्हाला कुठेतरी पाहिलंय," आई म्हणाली. "जानेवारीत... नाक सोललेलं होतं तुमचं. कोण हो तुम्ही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पेन्सिल चालू आहे?"

मी पर्समधून पेन्सिल काढली, तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टेकवली.

"चालू आहे."

"जावई," तो आईकडे वळून म्हणाला. एवढ्या मोठ्याने की सगळा डबा वळला. "म्हणजे... तुम्ही दोघी हो म्हणालात तर."

आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बरणी उचलून शेजारची जागा मोकळी केली.

"आधी बसा तर खरं," ती म्हणाली. "आणि तू काय बघत बसलीस? लिही की."

मी लिहिलं.