सायलेन्सरची लांबी

महाडला महिपतकाकांच्या वेल्डिंगच्या दुकानात श्रुतिका स्कूटीचा तुटलेला स्टँड जोडून घ्यायला आली होती. तिथे एक तरुण काकांना सांगत होता, "सायलेन्सरची नळी अजून कापा. आखूड केली की ताकद वाढते."

"आवाज वाढतो," तिला राहवलं नाही. "ताकद नाही."

तो वळला. गालावर काजळी, आणि डोळ्यांत... राग नव्हताच.

"मॅडम, हे विमानाचं इंजिन आहे."

विमान त्या तरुणाने, दीपेशने, स्वतः बांधलं होतं, टेम्पोत मावेल एवढं, जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं. पावसाळ्यात डोंगराला भेगा पडल्या की वरून फोटो काढायचे, म्हणजे वाडीतली माणसं वेळेत हलवता येतील. तळीये गावावर दरड कोसळली, त्यानंतर तो पुण्याची नोकरी सोडून उमरठला परतला होता. पण छोटं फोर-स्ट्रोक इंजिन चढावर धापा टाकायचं. शनिवारी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर चाचणी होती. नाही चढलं, तर पुन्हा पुणं.

पोलादपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या श्रुतिकाने खडू उचलला आणि फरशीवर नळी काढली. "धुराबरोबर दाबाची एक लाट सुटते. टोकापर्यंत जाते, परत येते. नेमक्या वेळी परतली, तर उरलेला धूर ओढून काढते. ती वेळ नळीच्या लांबीवर ठरते."

"म्हणजे गेलेली परत यायला हवी... आणि वेळेवर," तो म्हणाला. "लाटेबद्दल बोलतोय मी."

"मीही लाटेबद्दलच," ती म्हणाली. कान मात्र गरम झाले.

"ते लाटेचं मला ठाव नाय," महिपतकाका करवत घेऊन उभे. "कुठं कापू, तेवढं सांग गो बाय."

तिने हिशोब करून खूण केली.

शनिवारी पहिल्याच तासाला, फळ्यावर ध्वनीचा वेग लिहिताना तिचा हात थांबला. नळीच्या हिशोबात तिने थंड हवेतला वेग धरला होता! नळीतला धूर तापलेला. त्यात लाट कितीतरी जोरात धावते, वेळेआधीच परतते. नळी लांब हवी होती. आणि काकांनी तर कापली असणार...

दीपेशचा फोन लागेना. ती स्कूटीवरून थेट उमरठच्या माळावर पोचली.

"थांबवा! माझी चूक झाली. नळी आखूड पडली आहे—"

"नाही पडली." तो खाली बघत राहिला. "मी काकांना खुणेच्या बरंच पुढे, नळी लांब ठेवून कापायला सांगितलं. म्हटलं, रोज थोडी थोडी कापायच्या निमित्ताने तुम्हाला बोलवता येईल. पण इंजिन पहिल्याच फेरीत असं सुरात लागलं, की कापायला कारणच उरलं नाही. तेव्हापासून सुचेना, फोन करून सांगू काय?"

तिला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना.

विमान सुटलं. डोंगराचा चढ आला. धाप नाही, अडखळणं नाही... कड्याच्याही वर गेलं. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"रडतेस कशाला गो?" वाडीतल्या राहीबाईंनी विचारलं. "चढलं ना ते!"

"म्हणून तर."

दीपेशने ऐकलं, पण नजर आभाळातून हलवायची सोय नव्हती. "मला आत्ता वळता येत नाही," तो म्हणाला. "उतरवलं की एक विचारायचं आहे."

"उत्तर हो आहे," श्रुतिका म्हणाली. "घाई करू नकोस. नीट उतरव."